पवित्र शास्त्र शाळेच्या फळ्यावर

बायबल हा शाळेत शिकविण्याचा विषय व्हावा काय, हा प्रश्न आपल्या समाजात अधूनमधून निघत असतो. बहुधा तो मुंबईत, वसईत किंवा पुण्यात निघतो. म्हणजे जेथे आपल्या शाळा आहेत, व्यवस्थापन आपल्या हाती आहे आणि वर्गातल्या काही बाकांवर तरी आपली मुले बसलेली आहेत. आम्ही हा प्रश्न ढाणकीत बसून विचारीत आहोत. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात हे बाजाराचे गाव आहे. पैनगंगा ओलांडली की पलीकडे नांदेड जिल्हा लागतो. कापूस आणि सोयाबीन हे येथल्या बोलण्याचे नित्याचे विषय. ह्या परिसरातील शाळांत शेतकऱ्यांची आणि शेतमजुरांची, बौद्ध वस्तीतली, मुसलमान मोहल्ल्यातली, तांड्यावरून येणारी बंजारा समाजाची आणि आंध आदिवासींची मुले शेजारी शेजारी बसतात. ख्रिस्ती मूल एखाद्या वर्गात असले तर असते. शिकविणारे गुरुजी ख्रिस्ती असण्याचा संभव त्याहूनही कमी.

हा प्रश्न अशाच ठिकाणी कसोटीला लागतो, असे आम्हांस वाटते. जेथे शिकविणारा आपला नाही, शिकणारा आपला नाही आणि शिकून झाल्यावर कोणी आपला व्हावा अशी अपेक्षाही धरावयाची नाही, तेथे बायबल शिकविले जावे अशी आपली इच्छा आहे काय? असेल तर ती कशासाठी? ह्या प्रश्नाला जो प्रामाणिक उत्तर देऊ शकेल, त्यालाच आपल्या शाळांतील बायबलविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

कीर्तनातला अभंग आणि वर्गातला अभंग

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आणि तो समजण्यासाठी ढाणकीकराला कायद्याची पुस्तके उघडण्याची गरज नाही. तुकोबांचा एकच अभंग तो दोन ठिकाणी ऐकतो. देवळात कीर्तनकार तो अभंग निरूपणाला घेतात तेव्हा श्रोते टाळी वाजवितात, विठ्ठलाचे नाव घेतात, कोणाचे डोळे पाणावतात. दुसऱ्या दिवशी तोच अभंग मराठीच्या तासाला येतो. तेथे गुरुजी कठीण शब्दांचे अर्थ सांगतात, अलंकार विचारतात आणि सहामाहीत त्यावर चार गुणांचा प्रश्न येतो. पहिल्या ठिकाणी अभंगाची भक्ती होते, दुसऱ्या ठिकाणी अभ्यास होतो. अभ्यासाने अभंग बाटला असे कोणा वारकऱ्याने म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. आणि तो अभंग पाठ केल्यामुळे आपले मूल वारकरी झाले अशी तक्रार कोणा ख्रिस्ती पालकानेही केलेली नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मुले पिढ्यानपिढ्या ज्ञानेश्वर, नामदेव आणि तुकाराम शिकत आली आहेत, आणि त्यामुळे त्यांची मराठी समृद्ध झाली आहे.

संविधानाने हाच भेद आपल्या भाषेत मांडला आहे. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल, तर विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय त्याला त्यात किंवा उपासनेत सामील करून घेता येत नाही. ७ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ह्या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धार्मिक शिक्षण आणि धर्माचे अध्ययन वा संशोधन ह्या दोन गोष्टी निराळ्या असल्याचे सांगितले. अमुक देवावर विश्वास ठेवा, अमुक प्रेषिताला अखेरचा माना, असे शिकविणे म्हणजे सिद्धान्त मनावर ठसविणे होय. अध्ययन त्याहून फार वेगळे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे १९७१ साली, पंजाबातील गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यासंबंधीच्या खटल्यात, गुरू नानकांच्या जीवनाचे व उपदेशाचे अध्ययन म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगानेही १९६६ साली हाच भेद करून सर्व प्रमुख धर्मांची निवडक माहिती विद्यार्थ्यांस द्यावी अशी शिफारस केली होती. १९९९ साली नांदेडचे शंकरराव चव्हाण ह्यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने सर्व धर्मांची मूलतत्त्वे मुलांना कळावीत असे सुचविले. त्याला अनुसरून आलेल्या अभ्यासक्रमाच्या आराखड्यावर खटला झाला, आणि १२ सप्टेंबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचे शिक्षण संविधानाच्या विरोधी नाही असा निर्णय दिला.

तेव्हा कायद्याचे दार बंद नाही. परंतु कायद्याने दार उघडे आहे एवढ्याने आत जाणे शहाणपणाचे ठरत नाही. त्या घरात आपल्याविषयी काय आठवणी आहेत, हेही पाहावे लागते.

जुन्या आठवणी

महाराष्ट्रात शाळा आणि बायबल ह्यांची पहिली गाठ पडली ती स्नेहाने आणि संशयाने एकदमच. मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत शिकणाऱ्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी १८३९ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा शहरात केवढी खळबळ माजली! पालकांनी भराभर मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री ह्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने आईबापांकडे परत गेला, आणि त्याला जातीत परत घ्यावे काय ह्या वादात बाळशास्त्री जांभेकरांना पुराणमतवाद्यांचा रोष पत्करावा लागला. ही मंडळी प्रॉटेस्टंट होती, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही. लोकांच्या स्मरणात असे पोटभेद राहत नाहीत. शाळेत बायबल म्हटले की आईबापांच्या पोटात गोळा उठतो, त्याचे एक मूळ ह्या इतिहासात आहे.

ह्याच इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी बायबल वाचले, ते ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु माणसामाणसांतल्या समतेविषयीचा त्यांचा विचार त्या वाचनाने धारदार झाला. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी असे एक कुटुंब कल्पिले आहे, की ज्यातील माणसे निरनिराळे धर्मग्रंथ वाचून निरनिराळे धर्म स्वीकारतात आणि तरीही एका घरात प्रेमाने नांदतात. शाळेत झालेल्या बायबलवाचनाचे ह्याहून सुंदर फळ कोणते दाखविता येईल? मिशनच्या नोंदवहीत मात्र ह्या फळाला रकाना नव्हता.

सरकारने त्या काळी ह्या पेचातून एक वाट काढली होती. १८५४ सालच्या वुड यांच्या खलित्यात सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष ठेवण्याचे तत्त्व सांगितले आहे, आणि बायबल ग्रंथालयात असते, विद्यार्थ्यास ते मोकळेपणाने पाहता येते, असाही उल्लेख आहे. म्हणजे पुस्तक कपाटात. ज्याला हवे त्याने काढून घ्यावे. वाट सावधपणाची खरी, पण कपाटातले पुस्तक कोणी वाचायला शिकवीत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया वाचीत चाललेला भेटतो. वाचता ते समजते काय, असे फिलिपने विचारताच, कोणी उलगडून सांगितल्याशिवाय कसे समजेल, असा उलट प्रश्न तो करतो. ग्रंथ हाती असणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे.

महात्मा गांधींची ह्या बाबतीतली दोन पावले आम्हांला विशेष बोलकी वाटतात. १९२६ साली अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून ते नव्या कराराचे वाचन घेऊ लागले. त्यांच्यावर टीका झाली. ते छुपे ख्रिस्ती असल्याचे म्हटले गेले. जगातील धर्मग्रंथ सहानुभूतीने वाचणे हे सुसंस्कृत माणसाचे कर्तव्य आहे, ह्या भूमिकेवरून ते ढळले नाहीत. तेच गांधीजी १९३७ साली, आपल्या शेजारच्या वर्ध्यात नयी तालीमची योजना पुढे आली, तेव्हा तीत धर्मशिक्षण घालावयास तयार झाले नाहीत. आज धर्म ज्या रीतीने शिकविले आणि आचरिले जातात त्यातून ऐक्यापेक्षा तंटेच उद्भवतील, ही त्यांची भीती होती. ह्या दोन पावलांत आम्हांला विसंगती दिसत नाही. पहिल्या ठिकाणी विद्यार्थ्यांनी मागितले होते आणि शिकविणाऱ्याला त्यातून काही मिळवावयाचे नव्हते. दुसऱ्या ठिकाणी देशातल्या लक्षावधी शिक्षकांच्या हाती विषय सोपवावयाचा होता. म्हणजे अडचण ग्रंथाची नाही. तो कोण, कशासाठी आणि कसा शिकवितो ह्याची आहे. वर्ध्याजवळच्याच पवनारच्या विनोबांनी 'कुराणसार' आणि 'ख्रिस्तधर्मसार' सिद्ध केले. दुसऱ्याच्या ग्रंथाची सेवा करता येते आणि तरी आपल्या श्रद्धेत राहता येते, ह्याचा पाठ विदर्भाला परका नाही.

ढाणकीच्या वर्गात

आता समजा, नववीच्या एका वर्गात बायबलमधील काही भाग अभ्यासाला ठेवले. गुरुजी ख्रिस्ती नाहीत. मुलांना एवढेच ठाऊक आहे की हे ख्रिस्ती लोकांचे पुस्तक. काय होईल?

रूथची गोष्ट घ्या. परक्या मवाब देशातली एक तरुण विधवा आपल्या सासूची साथ सोडीत नाही. दुष्काळ सरल्यावर तिच्याबरोबर तिच्या गावी येते आणि पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते. 'सरवा' हा शब्द शहरातल्या मुलाला समजावून सांगावा लागेल. ढाणकीच्या मुलीला तो लागणार नाही. कापणी झाल्यावर मागे राहिलेले वेचणारे हात तिने पाहिलेले आहेत, कदाचित ते तिच्या आजीचेच असतील. शेताचे कोपरे पुरते कापू नका, पडलेली कणसे उचलू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, असा नियमच लेवीयच्या ग्रंथात आहे, हे तिला कळले की ती विचारील : मग सरवा ही भीक की हक्क? हा प्रश्न कोणत्याही धर्माचा नाही, आणि तो वर्गात विचारला जाण्यासारखा आहे. आणि ही परकी, गरीब विधवा दावीद राजाची पणजी ठरली, हे कळल्यावर 'बाहेरची' ह्या शब्दाविषयी वर्गातली मुले थोडा वेगळा विचार करतील.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला घ्या. कोणी पहाटे कामाला लागले, कोणी दुपारी, कोणी दिवस मावळावयास तासभर उरला असता. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी मिळाली. पहाटेचे मजूर कुरकुरले. कापसाची वेचणी किलोच्या दराने मोजली जाताना ज्या मुलांनी पाहिली आहे, त्यांच्यापुढे हा दाखला ठेवला तर वर्ग दुभंगेल, आणि तो दुभंगावा. अर्धी मुले म्हणतील, हा अन्याय आहे. कोणी म्हणेल, ज्याला दिवसभर कोणी कामाला बोलाविलेच नाही त्याच्या घरीही चूल पेटावयाची असते. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात रोजगार हमीची योजना राबविणाऱ्या महाराष्ट्रात हा वाद जुन्या काळचा राहत नाही. प्रभू येशूने ही गोष्ट देवराज्याविषयी सांगितली, हे गुरुजींनी सांगितलेच पाहिजे. ते लपविले तर शिकविणे खोटे होईल. पण ते मान्य करा असे त्यांनी सांगावयाचे नाही.

आणि ईयोब. यवतमाळ जिल्ह्याचे नाव देशाला कशामुळे ठाऊक झाले, हे येथे सांगावयास नको. कर्ज आणि नापिकी ह्यांनी किती घरांतला कर्ता पुरुष नेला! अशा घरातली मुले वर्गात असतात. त्यांच्या कानावर काय काय पडते? बापाला व्यसन होते, नियोजन नव्हते, नशीब होते, मागच्या जन्मीचे होते. ईयोबाचे मित्रही असेच बोलत होते. तू दुःखात आहेस त्या अर्थी तू पाप केले असणार, हे ते नाना परींनी त्याला पटवू पाहतात. ईयोब ते मानीत नाही. तो देवाशी भांडतो, पण खोटी कबुली देत नाही. ग्रंथाच्या शेवटी देव त्या धार्मिक बोलणाऱ्या मित्रांवरच रागावतो आणि भांडणाऱ्या ईयोबाने योग्य ते सांगितले असे म्हणतो. दुःखी माणसालाच दोषी ठरविण्याच्या सवयीविरुद्ध इतके जुने आणि इतके निर्भीड लिखाण जगात फार थोडे आहे. ते ढाणकीच्या मुलाच्या हाती पडू नये, असे म्हणावयास आमचे मन धजत नाही. त्याला ते दिल्याने तो ख्रिस्ती होणार नाही. कदाचित तो आपल्या आईकडे नव्या नजरेने पाहील. आमच्या मूळ प्रश्नाचे, म्हणजे कशासाठी ह्याचे, उत्तर आम्हांला येथे सापडते.

श्रद्धेविना वाचन

आपल्यातले काही भाविक म्हणतील : हे सारे ठीक, पण श्रद्धेविना वाचलेले बायबल म्हणजे टरफल. आक्षेप हलका नाही. कॅथोलिक शिक्षणविषयक रोमच्या मंडळानेही ५ मे २००९ च्या पत्रात इशारा दिला आहे, की धर्मशिक्षण म्हणजे निरनिराळ्या धर्मांची केवळ तुलनात्मक, तटस्थ माहिती असे झाले, तर मुलांच्या मनात गोंधळ, सर्व काही सारखेच अशी भावना किंवा उदासीनता निपजू शकते. ख्रिस्ती मुलांच्या श्रद्धेच्या जोपासनेच्या दृष्टीने हा इशारा योग्यच आहे. म्हणूनच शाळेतल्या अभ्यासाने धर्मग्रामातील धर्मशिक्षणाची जागा घेता कामा नये. घर आणि ख्रिस्तसभा ह्यांचे काम शाळेवर ढकलून मोकळे होण्याची वाट आम्ही सुचवीत नाही.

परंतु श्रद्धा नसलेल्याने बायबल वाचूच नये, असे ख्रिस्तसभेचे म्हणणे कधीच नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात, ख्रिस्ती नसलेल्यांसाठीही योग्य टिपांसह पवित्र शास्त्राच्या आवृत्त्या तयार कराव्यात असे सांगितले आहे. त्याच वर्षीच्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात, धर्मप्रसार करताना विशेषतः गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत जबरदस्तीचा किंवा अप्रामाणिक मन वळविण्याचा भासही होऊ नये, असे बजाविले आहे. ही दोन वचने एकत्र वाचावीत. ग्रंथ सर्वांना द्या. आणि देताना हातात गळ ठेवू नका.

मराठी बायबलचे आणि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे नशीबही हेच सांगते. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते साष्टीतल्या ख्रिस्ती भाविकांसाठी. आज ते विद्यापीठांत मराठीचा ग्रंथ म्हणून अभ्यासले जाते, आणि शांताराम बंडेलू ह्यांच्या १९५६ सालच्या देवनागरी आवृत्तीमुळे ते सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत पोहोचले. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' तर मराठी वाचकाने केव्हाच आपले मानले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ती भाषेने आपल्या लेकराला दिलेली जागा होती. मंदिराच्या आतच ठेवले असते तर ह्यातील काहीच मराठीचे झाले नसते.

मात्र अभ्यासाचा एक काटा आहे आणि तो आपल्यालाही रुतणार, हे आधीच ओळखलेले बरे. त्याचे उदाहरण आमच्या विदर्भातच आहे. महानुभाव पंथाचे ग्रंथ शतकानुशतके सांकेतिक लिपींत, पंथाच्या आत जपून ठेवलेले होते. विसाव्या शतकात ते अभ्यासकांच्या हाती आले. यवतमाळच्या शारदाश्रमाचे डॉ. य. खु. देशपांडे ह्यांनी त्या वाङ्मयाच्या अभ्यासाला मोठा हातभार लावला. त्यामुळे मराठी गद्याचा इतिहासच बदलला. रिद्धपूरला लिहिले गेलेले 'लीळाचरित्र' मराठीच्या प्रत्येक अभ्यासकाला परिचित झाले. पण डॉ. वि. भि. कोलते ह्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा त्यातील काही मजकुराने पंथातले भाविक दुखावले आणि त्यांनी तीव्र आक्षेप घेतले. अभ्यासकाने पाठ पाहिले; भाविकाला त्यात आपल्या स्वामींचा अवमान दिसला. दोघांपैकी कोणालाही आम्ही अप्रामाणिक म्हणणार नाही.

बायबल शाळेत आले तर उद्या हाच प्रसंग आपल्यावर येईल. ढाणकीचा एखादा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहील की उधळ्या पुत्राच्या गोष्टीत थोरल्या भावाची तक्रार खरी आहे आणि बापाने पक्षपात केला. एखादा लिहील की पाण्यावर चालणे त्याला पटत नाही. कारणे नीट दिली असतील तर त्याला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. येशू देवाचा पुत्र आहे हे सिद्ध करा, असा प्रश्न ज्या दिवशी फळ्यावर लिहिला जाईल, त्या दिवशी तो अभ्यास संपला आणि दडपण सुरू झाले असे समजावे. बायबल शाळेत यावे असे म्हणणाऱ्याने ह्या उत्तरपत्रिकेसाठी मनाची तयारी केलेली असावी. ज्या येशूने श्रीमंत तरुणाला खिन्न होऊन निघून जाऊ दिले, त्याच्या अनुयायाला हे जड जाऊ नये.

एकच माप

आणखी एक गोष्ट. मार्च २०२२ मध्ये गुजरात शासनाने सहावी ते बारावीच्या वर्गांत भगवद्गीता आणण्याचे जाहीर केले. मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमाच्या मसुद्यात गीतेचा बारावा अध्याय आणि मनाचे श्लोक ह्यांच्या पाठांतराचा उल्लेख आला आणि वाद झाला. एप्रिल २०२२ मध्ये बेंगळुरूच्या एका शाळेत मुलांनी वर्गात बायबल आणण्यास पालकांची लेखी संमती घेतली जात असल्यावरून गदारोळ उठला. आपली पहिली प्रतिक्रिया प्रत्येक वेळी कोणत्या बाजूने झाली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आम्हांस वाटते की माप एकच हवे. गीतेतला भक्तियोग विचार म्हणून, मराठी परंपरेचा एक आधार म्हणून अभ्यासाला असेल तर ख्रिस्ती मुलाने तो जरूर शिकावा. ज्ञानेश्वरी समजण्यास त्याला मदत होईल. तोच अध्याय उपासना म्हणून हात जोडून म्हणावयास लावला, तर नकार देण्याचा त्याला हक्क आहे. हेच माप ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळेतील बौद्ध, मुसलमान किंवा हिंदू मुलाला लागू आहे. अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शाळा चालविण्याचा हक्क दिला. त्या शाळेतल्या प्रत्येक मुलाचा अनुच्छेद २८ खालचा हक्क त्याने नाहीसा झाला नाही.

आपल्या पुष्कळ शाळांत एका ठरावीक तासाला वर्गाचे दोन भाग होतात. ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला जातात, बाकीची नीतिशिक्षणाला. हेतू चांगला आहे आणि कायद्याचे पालनही होते. परंतु परिणाम असा, की दहा वर्षे एका बाकावर बसलेली मुले परस्परांच्या धर्मग्रंथाविषयी अजाणच राहतात. आठवड्यातून एक तास सर्वांनी एकत्र बसावे; एका सत्रात बायबलमधील काही भाग, दुसऱ्यात धम्मपद, तिसऱ्यात कुराणातील निवडक वचने, मग गीता, मग गुरू ग्रंथ साहिब. नांदेडचा गुरुद्वारा आमच्या ढाणकीहून दूर नाही. पण त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत, हे आमच्याकडील किती मुलांना सांगितले जाते? हे प्रथम आपल्या शाळांत करून दाखविले, तर उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पाठ्यपुस्तकात रूथची गोष्ट यावी असे म्हणताना आपला आवाज स्वच्छ राहील.

ह्यात शिक्षकाने जपावयाच्या काही गोष्टी आहेत. बायबल हे एक पुस्तक नसून ग्रंथांचा संग्रह आहे. कॅथोलिक त्यात ७३ ग्रंथ मानतात, प्रॉटेस्टंट ६६. ते मुख्यतः हिब्रू आणि ग्रीक भाषांत लिहिले गेले. प्रत्येकाचा काळ आणि प्रकार वेगळा आहे. हे आधी सांगावे. आपण काय मानतो ते 'ख्रिस्ती लोक असे मानतात' अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. वर्गात एखादेच ख्रिस्ती मूल असेल तर त्याला साक्षीदार म्हणून उभे करू नये. ते शिकावयास आले आहे, आपल्या धर्माचा जबाब द्यावयास नव्हे. आणि असे शिक्षक घडवावयाचे, तर आपल्या अध्यापक विद्यालयांनी त्यासाठी वेळ काढला पाहिजे. यवतमाळ शहरात १९५३ ते १९८३ ह्या काळात युनियन बिब्लिकल सेमिनरी ही प्रॉटेस्टंटांची संयुक्त संस्था होती. पुढे ती पुण्याला गेली. बायबलचा गंभीर अभ्यास ह्या जिल्ह्यात झालेला आहे. तो पाळकांपुरता होता. आता शाळेतल्या गुरुजींचा विचार करावयाचा आहे.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी चार प्रकारच्या जमिनींवर पडते. येथला कोरडवाहू शेतकरी तो दाखला ऐकून म्हणेल, एवढे बी वाया घालविणारा शेतकरी आम्ही पाहिला नाही. त्याचे म्हणणे बरोबर आहे. आणि प्रभूने नेमका तसाच पेरणारा निवडला आहे, जो आधी सात-बारा पाहत नाही. ढाणकीच्या वर्गात कोणी रूथची गोष्ट वाचील, चार गुण मिळवील आणि विसरून जाईल. कोणाला ती वीस वर्षांनी, शेताच्या बांधावर सरवा वेचणारी बाई दिसताच आठवेल आणि तो तिला हाकलणार नाही. ते आपल्या वार्षिक अहवालात येणार नाही. तरीही पेरावे काय, ह्या प्रश्नाचे आमचे उत्तर होकारार्थी आहे.